उतरल्याची वेळ कोरी

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

“माझी आजी, म्हणजे आईची आई, एक्याण्णव वर्षांची आहे. तिचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात हरिकेन विमान उडवत होते. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाकडे गेले ते परत आलेच नाहीत. बेंदराच्या आधी तार आली, एवढं आजीला आठवतं. जपान्यांच्या झिरो विमानाने त्यांना पाडलं, असं घरात सांगतात. आमच्याकडे एक फोटो आहे, त्याच्या मागे ‘रॉयल इंडियन एअर फोर्स, १९४४’ असं लिहिलंय. तीन पदकं आहेत. २०१९ च्या पुरात ट्रंक भिजली, त्यातल्या कागदांचा गठ्ठा चिकटून बसलाय. वरच्या एका कागदावर मोडी आहे. इंटरनेटवर नाव शोधलं, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या यादीतही पाहिलं, कुठेच नाही. आजीचं एकच म्हणणं: दादा कुठे पडला ते तरी कळू दे. सुरुवात कुठून करू?”

ताई, नावाने शोधणं सध्या बाजूला ठेवा. त्या काळच्या सरकारी कागदांत मराठी नावांची जेवढी मोडतोड झाली तेवढी दुसऱ्या कशाचीच झालेली नाही. तारीख आणि विमानाचा क्रमांक मात्र जपून लिहिलेला असे, कारण विमान सरकारी मालमत्ता आणि तिचा हिशोब द्यावा लागे. म्हणून आधी दिवस, मग स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी, मग विमान. माणूस त्याच ओळीत बसलेला असतो.

दिल्लीच्या स्मारकात नाव नाही यात काही गूढ नाही. २०१९ मध्ये उभं राहिलेलं ते स्मारक स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांचं आहे. इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. म्हणजे १९४४ चा माणूस दोन्हीकडे मिळणारच नाही. त्यांचं नाव बहुधा सिंगापूरला असेल. ते कसं, ते पुढे येईलच.

पहिला दिवस आजीचा. पण तिला “सगळं सांग” म्हणून बसवू नका. नव्वदीतल्या माणसाला मोकळा प्रश्न विचारला की घरात ठरून गेलेली गोष्टच परत ऐकायला मिळते. बारीक प्रश्न विचारा. तार कोणी वाचून दाखवली? तेव्हा रानात काय चाललं होतं, पेरणी की भांगलण? बेंदूर कोणता? तुमच्या जिल्ह्यात दोन होतात: कर्नाटकी ज्येष्ठी पौर्णिमेला, आपला महाराष्ट्री आषाढी पौर्णिमेच्या सुमारास. १९४४ साली ज्येष्ठी पौर्णिमा ६ जूनला होती, आषाढी ६ जुलैला. नुसत्या बेंदराच्या नावाने तुमचा शोध एक महिना इकडे किंवा तिकडे सरकतो.

याहून मोठा प्रश्न: तार एकच आली की पुढे आणखी काही आलं? हवाई दलाची पद्धत अशी की विमान परतलं नाही की लगेच ‘बेपत्ता’ कळवायचं आणि काहीच पत्ता लागला नाही तर साधारण सहा महिन्यांनी मृत्यू गृहीत धरल्याचं कळवायचं. बेंदराआधी आलेला कागद पहिला असेल तर घटना मे-जून १९४४ ची. दुसरा असेल तर तीच घटना १९४३ च्या डिसेंबरात किंवा १९४४ च्या जानेवारीत जाते. आजीला हे शब्द आठवणार नाहीत, पण घरात काय झालं ते आठवेल. तार आल्यावर सुतक धरलं का, की तिची आई पुढे कितीतरी दिवस वाटेकडे डोळे लावून होती? दहावं-तेरावं केव्हा केलं? आई वाट बघत होती, असं ती म्हणाली तर ती पहिली तार.

पितृपक्षातली तिथीही विचारून घ्या, पण एक सांभाळा. ती चतुर्दशी निघाली तर तिच्यावरून तारीख काढू नका. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी घालतात, तेवढाच तिचा अर्थ. दुसरी एखादी तिथी निघाली तर ती मोलाची. मात्र ती पडल्याच्या दिवसाची की तार आल्याच्या, हे दोन्ही धरून चाला. आणि लग्न झालं होतं का? झालं असेल तर जवळची वारस म्हणून तार आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार पत्नीच्या नावे गेला असणार, म्हणजे कागद तिच्या माहेरीही असू शकतात.

आता पुरात भिजलेला गठ्ठा. तो आता वाळून कडक झाला असेल. ओढून सोडवू नका, घरी पाण्यात घालू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. कडेला आपोआप फट पडली असेल तिथे बटर पेपरची पट्टी सरकवून बघा. सहज सरकली तेवढंच उघडा, अडली की थांबा. फोटो कागदाला चिकटला असेल तर त्याला हातच लावू नका, वरचा थर निघून येतो. उरलेला गठ्ठा पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दाखवून सल्ला घ्या. मोडी वाचणारी माणसंही तिथेच कळतील. लॅमिनेशन आणि सेलोटेप, या दोन गोष्टींनी पुरापेक्षा जास्त कागद खाल्ले आहेत. पेन्सिलीचं पुसट अक्षर वाचायचं असेल तर खोलीत अंधार करा, टॉर्च कागदाच्या कडेला जवळपास आडवी धरा आणि मोबाईलने फोटो काढा. दाबाच्या खुणा दिसू लागतात. त्या मोडी कागदाकडे दुर्लक्ष करू नका. इंग्रजी तार कोणाकडून तरी वाचून घेऊन तिचा मतलब आणि मिती आपल्या अक्षरात उतरून ठेवायची, ही त्या पिढीची सवय. तार हरवली असेल तर हीच तिची नक्कल निघू शकते.

फोटोमागचा मजकूर नंतर लिहिलेला आहे, किमान ‘रॉयल’ तरी. तो किताब हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये मिळाला. त्याआधी नुसतं इंडियन एअर फोर्स. म्हणजे ‘१९४४’ हा आकडाही नंतरच्या आठवणीतला असू शकतो. फोटो पुढूनही नीट बघा. बाहीवर एकच बारीक फीत असेल तर पायलट ऑफिसर, त्याहून रुंद एक असेल तर फ्लाइंग ऑफिसर, दोन असतील तर फ्लाइट लेफ्टनंट. मागे विमान दिसत असेल तर पंखावरचं किंवा अंगावरचं वर्तुळ बघा. १९४३ च्या मध्यानंतर या आघाडीवरच्या विमानांच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानावरही लाल गोळाच असतो आणि आपलीच माणसं आपल्याच विमानावर गोळ्या झाडतील ही धास्ती होती. वर्तुळाचा मधला भाग फिका असेल तर फोटो त्यानंतरचा. गडद असेल तर आधीचा किंवा प्रशिक्षणाच्या जागचा. प्रशिक्षण तेव्हा लाहोरजवळ वॉल्टन, मग बेगमपेट किंवा जोधपूर, मग अंबाला आणि शेवटी हरिकेनवर हात बसवायला रिसालपूर-पेशावर, असं चालायचं. जुन्या पाकिटांवर यातलं कुठलंही नाव दिसलं तर वर्ष लावता येतं.

पदकांवर फार भिस्त ठेवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवर नाव कोरलेलं असेलच असं नाही. त्यात बर्मा स्टार असेल तर आघाडीवर उड्डाण केलं होतं एवढं पक्कं होतं. तेही कमी नाही.

स्क्वॉड्रन कोणती, हे ठरवायला १९४४ च्या पूर्वार्धाचं चित्र डोळ्यासमोर ठेवा. पहिली स्क्वॉड्रन फेब्रुवारीपासून इम्फाळमध्ये होती, हरिकेनवर, अर्जन सिंग यांच्या हाताखाली. सहावी मेहर सिंग यांची, तीही हरिकेनवर, पण दक्षिणेला कॉक्स बझारहून आराकानवर, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आजच्या राखाइनवर, उडणारी. चौथी आणि नववीही त्या वर्षी हरिकेन घेऊन या आघाडीवर आल्या. सातवी आणि आठवी तेव्हा व्हेंजन्स या दोन माणसांच्या बाँबफेकी विमानांवर होत्या. घरात “हरिकेन” हे नाव पक्कं असेल तर त्या दोन मागे ठेवा. पण आणखी एक शक्यता आहे आणि बहुतेक जण इथेच चुकतात: काही हिंदी वैमानिक थेट ब्रिटिश स्क्वॉड्रनमध्ये नेमलेले होते. हिंदी स्क्वॉड्रनांच्या कागदांत माणूस सापडला नाही म्हणजे गोष्ट खोटी, असं समजू नका.

आता मुख्य कागद. प्रत्येक स्क्वॉड्रनची रोजनिशी असायची, तिला ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक म्हणतात. तिचे दोन भाग. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा: हवामान, कोण आलं, कोण गेलं. फॉर्म ५४१ मध्ये एकेका उड्डाणाची ओळ: तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, वैमानिक, कामगिरी, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, तपशील. तुम्हाला शोधायची आहे ती उतरल्याची वेळ कोरी असलेली ओळ. तपशिलात ‘फेल्ड टु रिटर्न’ किंवा नुसतं ‘एफटीआर’ असतं. नाव कसंही लिहिलेलं असो, ही कोरी जागा लपत नाही.

त्या ओळीच्या शेजारची ओळ तितकीच महत्त्वाची. टेहळणीची हरिकेन विमानं जोडीने जात: पुढचा खाली जमिनीकडे बघणार, मागचा डावी-उजवीकडे झुलत आकाश राखणार, त्याला वीव्हर म्हणत. जोडीतलं एक विमान परतलं असेल तर शेवटचं कुठे आणि कशा स्थितीत पाहिलं, ते त्याच्याच तपशिलात मिळतं. पुष्कळ जण आपल्या माणसाच्या ओळीचा फोटो काढून पान मिटतात आणि उत्तर वरच्या ओळीत राहून जातं. आधीचे तीन आणि नंतरचे दहा दिवसही वाचा. नंतर शोधायला गेलेली उड्डाणं, भूदलाकडून आलेला निरोप, सामानाचा निकाल, असं काहीबाही तिथे डोकावतं.

या रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या मालिकेत आहेत. ब्रिटिश कमांडखालच्या मित्र देशांच्या स्क्वॉड्रनाही त्या मालिकेत येतात. त्यांच्या सूचीत मालिका क्रमांक, स्क्वॉड्रन आणि महिना, एवढ्यावरच शोधा. तिथे माणसाचं नाव टाकून काही होत नाही. स्क्वॉड्रनचं पान फाटकं किंवा अंधूक निघालं तर तिच्या वरच्या पायरीला जा: ‘एआयआर २६’ मध्ये विंग, ‘एआयआर २५’ मध्ये ग्रूप. इम्फाळकडचा ग्रूप २२१, आराकानकडचा २२४. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही विचारा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं; तिथे मात्र इंग्रजीतून आणि वेगवेगळ्या शब्दांनी शोधावं लागतं.

रोजनिशीतही चुका असतात. कारकून कधी कधी आठवड्याचं एकदम टाइप करी, आणि तळ हलत असला तर त्याहून उशिरा. विमानाच्या क्रमांकात दोन अक्षरं आणि तीन आकडे किंवा एक अक्षर आणि चार आकडे असतात. विमानाच्या अंगावर रंगवलेलं एकटं मोठं अक्षर वेगळं, ते स्क्वॉड्रनने सोयीसाठी दिलेलं, आणि विमान गेलं की तेच अक्षर दुसऱ्या विमानाला मिळे. क्रमांक हाती आला की लंडनच्या आरएएफ म्युझियमकडे त्या विमानाचं कार्ड आहे का, ते विचारता येतं: हालचालीचं कार्ड फॉर्म ७८, अपघाताचं फॉर्म ११८०. हिंदुस्थानात आलेल्या विमानांच्या हालचालीच्या कार्डांवर फारसं काही नसतं. त्यावरची ‘नावावरून कमी केल्याची’ तारीख तर पडल्याची म्हणून कधीच धरू नका. ती हिशोबाची तारीख, महिनाभर पुढचीही असते.

वेळांबद्दल एक गंमत आहे. युद्धात हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे केली होती. १९४४ साली ती आजच्या भारतीय वेळेच्या एक तास पुढे होती. कागदावर स्थानिक वेळेने सकाळचे सहा असतील तर ते आजच्या घड्याळाने पाच. धुकं, कोवळं ऊन, दरीतला अंधार यांचा विचार करताना हा तास विसरू नका.

आता झिरोचं. हे नाव बहुधा नंतर चिकटलंय. झिरो हे जपानी नौदलाचं विमान. ब्रह्मदेशात समोर मुख्यतः जपानी भूदलाचं हवाई दल होतं आणि त्यांचं लढाऊ विमान की-४३ हायाबुसा, दोस्तांच्या भाषेत ऑस्कर. दिसायला दोन्ही सारखी, त्यामुळे त्या काळातही माणसं सरसकट झिरो म्हणत. हवाई झुंजी झाल्याच नाहीत असं नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये सहाव्या स्क्वॉड्रनच्या जे. सी. वर्मा यांनी आराकानवर एक ऑस्कर पाडलंही. पण खाली उडून टेहळणी करणाऱ्या हरिकेनला जास्त भीती जमिनीची. तिचं मर्लिन इंजिन द्रवाने थंड होणारं, रेडिएटर पोटाखाली. तिथे रायफलची एक गोळी लागली की द्रव गळतो, तापमान चढतं आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं. शंभर-दोनशे फुटांवर असलेल्या वैमानिकाला तेवढ्या वेळात ना उंची मिळते ना मोकळी जमीन. आणि मे-जून असेल तर पाऊस: चिन टेकड्यांवर आठ-दहा हजार फुटांपर्यंत डोंगर आणि त्यांना टेकलेले काळे ढग. अशा ढगात शिरलेलं विमान पुढे कोणालाच दिसलं नाही, असं किती तरी वेळा झालं.

तरी झुंजीची शंका असेल तर जपानी बाजूही बघा. ६४ आणि ५० क्रमांकांच्या जपानी लढाऊ तुकड्या, त्यांना सेंताई म्हणत, या आघाडीवर होत्या, आणि जपानचे बरेच लष्करी कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आशियाई इतिहास केंद्राने ऑनलाइन ठेवले आहेत. पाडलेल्या विमानांचे आकडे प्रत्येक बाजूने फुगवलेले असतात. आकडा सोडा, तारीख आणि जागा जुळते का, ते पाहा. शत्रूच्या बाजूने उत्तर मिळाल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. १९६५ च्या ७ सप्टेंबरला सरगोध्यावर गेलेले स्क्वॉड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. आपल्या मिस्तेर विमानातून त्यांनी एक स्टारफायटर पाडलं होतं, हे पाकिस्तानी बाजूच्या माहितीतून पुढे १९७९ च्या सुमारास उजेडात आलं, आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

आता सिंगापूर. ब्रह्मदेशात बेपत्ता झालेल्यांसाठी माणसं रंगूनजवळच्या टाउक्यान स्मारकाची यादी चाळत बसतात आणि हात हलवत परततात. ते स्मारक भूदलाचं. दक्षिण आणि पूर्व आशियात कुठेही पडलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या हवाई दलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव रिकामं ठेवा. दुसरं महायुद्ध, हवाई दल, इंडियन, सिंगापूर मेमोरियल आणि आजीच्या सांगण्यावरून निघालेले दोन-तीन महिने, एवढंच भरा. यादी एका बैठकीत वाचून होईल. नाव तिथे नसेल आणि देह मिळून दहन झालं असेल, अशी शंका वाटली तर इम्फाळ आणि टाउक्यान इथली दहन झालेल्यांची वेगळी स्मारकं बघा.

यादी वाचताना डोळे उघडे ठेवा. पवारांमध्ये ‘पी’नंतर ‘ए’ असतो तसा ‘ओ’ही असतो. व ने सुरू होणारं आडनाव ‘व्ही’खाली नसेल तर ‘डब्ल्यू’खाली बघा: पहिल्या महायुद्धात फ्रान्सवर लढून गेलेले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ‘डब्ल्यू’खालीच आहेत. वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, गावाचं नाव आडनाव म्हणून, ‘राव’ तोडून वेगळा, असे सगळे प्रकार होतात. पत्त्यात ‘सातारा’ दिसलं तर “आमचे नव्हेत” म्हणून पुढे जाऊ नका. तुमचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. जुन्या कागदात ‘सांगली’ असेल तर ते संस्थान, जिल्हा नव्हे.

इंग्रजीत नाव कसं लिहीत, हे पक्कं करायला शाळेचं जनरल रजिस्टर आणि ते कॉलेजात गेले असतील तर तिथली नोंद काढा. सांगलीचं विलिंग्डन १९१९ पासूनचं आहे, तिथेही विचारून बघायला हरकत नाही. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार आणि ६-क ची वारस नोंद मागा. मामाआजोबांच्या नावावर जमीन लागली असेल तर ते गेल्यावर कधी तरी ती उतरवली गेली असणार, आणि त्या फेरफाराला कारण आणि तारीख असते. गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कुणबी नोंदींमुळे आता सगळ्यांना माहीत झालेल्या कोतवाल बुकात, त्यांचा मृत्यू मिळणार नाही कारण तो गावात झाला नाही. जन्म मात्र मिळू शकतो. हे सगळं पुढे नातं सिद्ध करायलाही लागतं, म्हणून सही-शिक्क्याच्या नकला घ्या आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र एकदाच नीट करून ठेवा.

सेवेचे कागद मागताना आधी साधं पत्र, सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, हवाई दल मुख्यालयाला. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर किंवा टपालाने, शुल्क १० रुपये, मजकूर ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. नकलेला पानामागे २ रुपये. “माझे मामाआजोबा कुठे आणि का गेले?” असं विचारलं तर “अशी माहिती उपलब्ध नाही” हेच उत्तर येतं, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: अमुक अधिकाऱ्याच्या सेवापत्रकाची नक्कल, बेपत्ता झाल्याबद्दलची फाइल, अमुक स्क्वॉड्रनच्या रोजनिशीची अमुक ते अमुक तारखांची पानं. दोन-तीन आठवड्यांपेक्षा मोठा काळ मागू नका. फाइल दुसऱ्या खात्याकडे असेल तर कलम ६(३) नुसार अर्ज तिकडे पाठवावा, असं अर्जातच लिहा, आणि २० वर्षांपूर्वीच्या घटनांसाठीच्या कलम ८(३) चा उल्लेख करा. नकार आला किंवा ३० दिवस उलटले तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुष्कळ अर्ज इथेच मरतात.

जागा ठरवणं हे शेवटचं काम. रोजनिशीत दोन अक्षरं आणि चार किंवा सहा आकडे असा नकाशा संदर्भ मिळाला तर तो गुगल मॅपवर टाकू नका. ती जुनी यार्डांतली जाळी आहे. त्याच काळाच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर तो बसवावा लागतो, आणि सहा आकडे असतील तर शंभर यार्डांच्या चौकोनापर्यंत पोहोचता येतं. संदर्भ नसेल तर वेळेवरून अंदाज बांधा. समजा, ६.४० ला उडाले आणि सोबत्याने ७.१० ला शेवटचं पाहिलं. ताशी १८० मैलांनी अर्ध्या तासात जास्तीत जास्त ९० मैल होतात. टेहळणीत कोणी सरळ उडत नाही, म्हणून खरं अंतर त्याहून बरंच कमी. त्यात कामगिरीच्या रकान्यातला रस्ता किंवा नदी धरली की पट्टा आणखी अरुंद होतो.

अवशेष शोधायला तिकडे जाण्याचा विचार नको. चिन आणि राखाइन भागांत लढाई चालू आहे. विमानाचा तुकडा किंवा इंजिनाची पाटी विकायला काढणारे भेटतील. क्रमांक रोजनिशीतल्या विमानाशी जुळल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कमिशनच्या यादीत नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं तर शाळेच्या रजिस्टरची नक्कल जोडून दुरुस्तीसाठी लिहा, ते पुरावा बघून नोंद बदलतात.

आजीसाठी नकाशा छापाल तेव्हा त्यावर जुनी नावं मोठ्या अक्षरांत टाका. अक्याब तिच्या कानावरून गेलेलं असू शकतं, त्याचं आजचं नाव सित्वे नाही. आणि नेमका संदर्भ मिळाला नसेल तर ठिपका काढू नका. पट्टा जेवढा निघाला तेवढं वर्तुळ काढा, आणि त्याच्या शेजारी इम्फाळ किंवा कॉक्स बझार, म्हणजे ते जिथून उडाले ती जागा दाखवा. ती जागा आणि ती वेळ पक्की असेल.